तो आमचो न्हय

केप्याच्या सरकारी इस्पितळात गुरुवारची ओपीडी.
पंखा फिरला की फॉर्मचा कोपरा उडतो,
म्हणून वर एक जायफळ ठेवलंय,
कुणीतरी फी म्हणून दिलेलं.

पहिलाच रकाना : मातृभाषा.
जागा एका शब्दाची.
माझाच फॉर्म असता तर मी इथंच अडले असते.
आरती मराठीत, भांडण कोंकणीत,
बाबा पैसे मोजायचे पोर्तुगीजमध्ये, ओठ न हलवता,
आणि वेडाची नावं तेवढी मी इंग्रजीत शिकले.

नागू वेळीप. वय एकेचाळीस. पाडेली.
बायको शेवंती दारापाशी उभी.

प्रश्न चौदा : इतरांना न येणारे आवाज
तुम्हाला ऐकू येतात का?
"येतात तर. देवचाराचे.
रात्री काठी आपटत जातो शिवेवरनं.
चालून चालून वाहाणा झिजतात त्याच्या,
वर्षाला नवा जोड ठेवतो आम्ही.
तुका आयकूंक येना?"

प्रश्न एकवीस : नारळ आणि सुपारी यांत सारखं काय?
उत्तरसूचीत होतं, दोन्ही फळं.
तो म्हणाला, "दोन्ही विचारून काढायची."
मी शून्य लिहिलं.
मग खोडलं.
मग खोडल्याची सही केली, नियमाप्रमाणे.

मला ठाऊक होतं ना सगळं.
बेंगळूरच्या परिषदेत याच मुद्द्यावर
टाळ्या घेतल्या होत्या मी :
जिथं वेशीला राखणदार असतो
तिथं पावलं ऐकू येणं हा आजार नव्हे.
ठसठशीत लिहिलं, संस्कृतीशी सुसंगत, औषध नको,
आणि पेनाला टोपण लावताना
स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

चौथ्या गुरुवारी शेवंती एकटी आली.
नको म्हणत असताना चपला बाहेर काढून.
काल दुपारी माडावर चढलेला नागू
काळोख पडला तरी उतरला नाही.
कुणी सांगत होतं त्याला, खाली आलास तर मारतील.
खाली उभी होती ती, आणि त्यांचा धाकटा,
डबा घेऊन.

कोण सांगत होतं? मी विचारलं. देवचार?

ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.
"तो आमचो न्हय."

मग एखाद्या मठ्ठ पोराला समजवावं तशी सावकाश :
आमचा दिवसाउजेडी बोलत नाही.
एकट्याच्या कानात तर नाहीच,
फिरला तर अख्ख्या वाड्याला कळतो.
रागावतो, पण रोट ठेवला, विडी ठेवली की वाटेला लागतो.
ह्याला सगळं देऊन पाहिलं.
शेवटी देवळात कौल लावला,
उजवी पाकळी पडली.
देवी म्हणाली, हे माझ्याकडचं नव्हे,
इस्पितळात न्या.

"आमी हाडलो.
तुमी घरा धाडलो."

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
जायफळ उगाच हातात घेतलं मी, परत ठेवलं.
फॉर्मच्या तळाशी एक ओळ असते :
माहिती देणारी व्यक्ती विश्वासार्ह आहे का?
त्या दिवशी त्या ओळीवर
मला शेवंतीचं नाव लिहिता येत नव्हतं,
माझं लिहावंसं वाटत होतं,
प्रश्नचिन्हासकट.

सोमवारी नागूला बांबोळीला दाखल केलं.
मी भेटायला गेले तेव्हा
खाटेच्या कडेला बसला होता,
हिरव्या चादरीवर तळवे उपडे.
गोळ्यांनी जीभ जड झालेली.
बराच वेळ खिडकीतून हायवेकडे पाहून
हळूच विचारलं त्यानं,
"हांगाचो राखणदार कोण?"

याला रकाना नव्हता.
समासात लिहून घेतलं, त्याच्याच शब्दांत,
आणि म्हटलं, ठाऊक नाही रे.
विचारते कुणाला तरी.